वापरशीन तेवढंच माग

तायडे सरांकडे कुणी पेन मागितलं की ते आधी विचारायचे, "लिहायचंय, का नुसती सही करायचीय?" सही करायची असेल तर पेन मिळायचं, टोपण मात्र सरांच्या मुठीत राहायचं. रेघ मारायची असेल तर पेन्सिल मिळायची, तीही बोटभर उरलेली. कँटीनवाल्याने "सर, बिस्किटाचा पुडा देऊ का?" म्हटलं तर "खाणारे किती?" हा प्रश्न ठरलेला. आम्ही मुलं त्यांना पाठीमागे चिक्कू म्हणायचो. चिक्कूपणाशी या सगळ्याचा काही संबंध नाही हे मला तिसऱ्या वर्षाला कळलं. पुरतं कळायला मात्र सरांना जावं लागलं.

मधुकर तायडे. मूळ गाव रावेरजवळचं, राहायला जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत. जळगावबाहेर महामार्गाला लागून आमचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज होतं, तिथे ते सोमवार ते बुधवार प्रोग्रामिंग शिकवायचे. गुरुवार ते शनिवार धुळ्याच्या एका कॉलेजात तेच. दोन्हीकडे तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर सर, उन्हाळ्याची सुट्टी लागली की कुणी नाही. कायम नेमणुकीची जाहिरात दर दोन-तीन वर्षांनी निघायची आणि तीत पदव्युत्तर पदवी मागितलेली असायची. सरांकडे ती नव्हती. वडिलांच्या आजारपणात पुढचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. ज्यांच्याकडे पदवी होती त्यांचे विद्यार्थी शंका विचारायला तायडे सरांकडे यायचे, आणि हे त्या पदवीवाल्यांनाही माहीत होतं.

स्टाफरूममध्ये नवीन आलेल्या एका प्राध्यापकांनी त्यांना एकदा विचारलं, "तायडे म्हणजे नेमके कुठले तायडे?" प्रश्न कशासाठी होता हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मी जर्नलं ठेवायला गेले होते, मलाही कळलं. सर म्हणाले, "रावेरचे." प्राध्यापक म्हणाले, "नाही, तसं नाही, म्हणजे..." तेव्हा सरांनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, "उत्तर मिळाल्यावर त्याचं काय करणार ते आधी सांगा. मग देतो." प्राध्यापकांनी वर्तमानपत्र उघडलं. सरांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, दारातून दिसेल अशी, त्यात लपवण्यासारखं त्यांना काहीच नव्हतं. विनाकारण मागितलेलं द्यायचं नाही, एवढंच.

माझी आणि सरांची खरी गाठ पडली ती तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला. मी अमळनेरची. माझे वडील, आबा, कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर, घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, त्यामुळे मला प्रत्येक गोष्ट चोख करायची हौस. यादीतल्या वस्तू लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावायच्या, असा प्रोग्रॅम होता. मी पहिल्याच ओळीत अट घातली होती की यादीतली प्रत्येक वस्तू आकडाच असली पाहिजे. सर मागे येऊन उभे राहिले.

"आत काय करतेस या वस्तूंचं?"

"क्रम लावते, सर."

"बेरीज करतेस? गुणाकार?"

"नाही, सर."

"मग आकडा कायले पाहिजे तुले?" सर तापले की त्यांच्या तोंडी रावेरची बोली यायची. "दोघांतलं लहान कोनतं न मोठं कोनतं, एवढं ज्याले सांगता येते तो आत येईन. नाव असो, तारीख असो, केळीची फणी असो. वापरशीन तेवढंच माग. जास्त मागशीन तं चांगला मानूस दारातूनच वापस जाईन."

मी ती अट सैल केली. तोच प्रोग्रॅम, एक अक्षर न बदलता, वर्गातल्या मुलींची नावं लावू लागला, मग आमच्या जन्मतारखा. मला इतका आनंद झाला की घंटा झाली तरी मी उठले नाही. प्रोग्रामिंग म्हणजे यंत्राला हुकूम देणं, अशी माझी तोवर समजूत होती. ते समोरच्याकडून नेमकं काय आणि किती मागायचं हे ठरवायचं काम असतं, असं मला पहिल्यांदा वाटलं. आज मी ज्या कामावर पोट भरते त्याची सुरुवात तिथली आहे, आणि ती सरांची देणगी आहे. हे वाक्य मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे, जेव्हा लिहायला हवं होतं तेव्हा लिहिलं नाही. त्याचीच ही हकीकत.

सरांचं स्वतःचं एक काम चालू होतं. त्यांचे वडील केळीच्या पॅकिंग हाऊसवर मजूर होते, सरांचं लहानपण क्रेटींच्या थप्प्यांत गेलं, त्यामुळे सरांची उदाहरणंही क्रेटीचीच. ते म्हणायचे, क्रेट आत काय ठेवता हे विचारत नाही. आमच्या धंद्यात कुठल्याही वस्तूला चालणाऱ्या अशा साच्याला जेनेरिक म्हणतात. कॉम्प्युटरच्या क्रेटमध्ये केळीची फणी ठेवा, मुलीचं नाव ठेवा, सुट्टीची तारीख ठेवा. पण आम्ही प्रोग्रामिंगची जी भाषा शिकत होतो तिच्यात एक खोट होती. अट घालायची तर क्रेट बनवतानाच, एकदाच घालता यायची. 'तोलता येईल तीच वस्तू आत' म्हटलं की नावं बाहेर, कारण नाव कोण तोलणार? अट नाही घातली, तर केळी भरलेली क्रेटही काट्यावर चढवता येईना, कारण आत काय आहे याची भाषेला खात्री नाही. मग लोक दोन क्रेटी करायचे, एक साधी आणि एक तोलायची, आणि तोच मजकूर दोनदा उतरवत बसायचे.

सरांचं म्हणणं असं की क्रेटीवर अट घालूच नका. तोलण्यावर घाला. आतली वस्तू तोलता येत असेल तर क्रेटही काट्यावर चढेल. येत नसेल तर क्रेट क्रेट म्हणून राहील, फक्त काट्यावर चढणार नाही. "ज्याले जे जमत नाही तेवढं त्याच्याकडून करून घेऊ नका," ते म्हणायचे, "अख्खी क्रेट कायले फेकता?" हे बोलताना त्यांचा आवाज चढायचा. आम्हाला वाटायचं, सर भाषेवर चिडलेत.

सांगायला सोपं, पण त्यातली एक गाठ सुटत नव्हती. एकाच क्रेटीला दोन नियम लागू पडले तर कोणता धरायचा? या एका प्रश्नावर सरांची दोन वर्षं गेली. शंभर पानी वह्या, निळं पेन, जागा जळगाव-धुळे एसटीतली डावीकडची खिडकी. स्पर्धेसाठी मी एकदा त्यांच्याबरोबर धुळ्याला गेले तेव्हा तो क्रम पाहिला. एरंडोल येईपर्यंत कालचं वाचायचं, पारोळ्यापर्यंत नवं लिहायचं, आणि पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत लिहिलेलं खोडायचं. त्या दिवशी धुळ्याच्या स्टँडवर उतरताना सर म्हणाले, "सापडलं वाटतं. भाषेनं निवाडा करायचाच नाही. दोघं हक्क सांगत असतील तर तिथंच थांबायचं आणि लिहिणाऱ्याला विचारायचं, यातलं खरं कोणतं ते तू सांग." मग त्यांनी उसाचा रस पाजला. अर्धा-अर्धा ग्लास.

ती भाषा कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं मिळून ती वाढवतात. कुणीही सुधारणा सुचवावी, तिच्यावर महिनोन्‌महिने उघड चर्चा होते, मग भाषा सांभाळणारे हो किंवा नाही म्हणतात. सगळं इंग्रजीत. सर इंग्रजी वाचायचे झपाट्याने, पण लिहायला बसले की एक वाक्य दहा वेळा खोडायचे. म्हणून माझ्या शेवटच्या वर्षी, बुधवारी तीननंतर रिकाम्या लॅबमध्ये, सर वहीतून मराठीत सांगायचे आणि मी इंग्रजीत उतरवायचे. सहा आठवडे लागले. शेवटी प्रस्तावकाच्या नावाचा रकाना आला.

"सर, दोघांची नावं टाकू?"

"चर्चेत उत्तरं कोण देणार?"

"मीच देईन. तुम्ही सांगाल तशी."

"मग तुझं टाक. माझ्या नावाचा तिथं वापर काय?"

ही सरांची चूक होती. असली चूक फक्त सरच करू शकले असते. आयुष्यभर दुसऱ्याला शिकवलेला नियम त्यांनी स्वतःच्या नावालाही लावला. माझं काय झालं तेही नीट लिहून ठेवते, कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा बजावलं की मी तर विचारलं होतं. मी एकदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि माझं नाव टाइप करताना माझी बोटं जरा जास्तच भराभर चालली.

चर्चा सहा महिने रंगली. सर उत्तर सांगायचे, मी लिहायचे. एकदा दूरदेशीच्या एका बाईंनी कौतुकाने विचारलं, दोन नियम आले की थांबून माणसालाच विचारायचं, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली? त्या दिवशी गुरुवार होता, सर धुळ्याला होते. मी लिहिलं, "पुष्कळ दिवस विचार करून." त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. दिवस कुणाचे, ते तेवढं मी लिहिलं नाही.

प्रस्ताव मान्य झाला. मी ते पान छापून अमळनेरला नेलं. आबांनी माझ्यापुढे आधीच अट ठेवली होती, "नोकरी लागनी ते ठीक, नही ते आखाजीले साखरपुडा." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. मुलगाही पाहून ठेवला होता, पहूरकडचा. आबांनी ते इंग्रजी पान उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "यामा तुनं नाव कोठे शे?" मी बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते पान जिनिंगमध्ये गेलं आणि संध्याकाळी काळ्या बोटांचे ठसे घेऊन परत आलं. "बठ्ठास्ले दखाडं मी," आबा म्हणाले. जिनिंगमधल्या सगळ्यांना दाखवून झालं होतं. पंधरा दिवसांत पुण्याच्या एका कंपनीने त्या पानावरच मला बोलावलं. आखाजी आली आणि गेली, साखरपुडा झाला नाही. मला त्या पानाची गरज होती, हे मी नाकारत नाही. पण मला गरज होती ती आखाजीपर्यंत. पुढची पाच वर्षं मी ते पान फुकट वापरलं.

पुण्यात माझी ओळख करून देताना साहेब म्हणायचे, "त्या भाषेतल्या अटी हिने सैल केल्या." पहिल्या वेळी मी संकोचाने हसले. दहाव्या वेळी संकोच राहिला नव्हता. बंगळूरला एका मोठ्या सभेत मला बोलायला बोलावलं, तिथे मी चाळीस मिनिटं बोलले. त्याचा व्हिडिओ मी नंतर एकदाच पाहिला आहे. त्यात क्रेट आहे, केळीची फणी आहे, काटा आहे. लोक हसतात, टाळ्या वाजवतात, आणि मी म्हणते, "मग माझ्या लक्षात आलं..."

काही महिन्यांनी धुळ्याचा एक मुलगा आमच्याकडे नव्याने लागला. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं भाषण तायडे सरांनी आम्हाला वर्गात दाखवलं होतं."

मी विचारलं, "काय म्हणाले सर?"

"म्हणाले, ही माझी विद्यार्थिनी. दोन नियमांचा भाग हिने फार नीट सांगितलाय, मला एवढा नीट जमला नसता."

मी त्या मुलाला कँटीनमध्ये नेलं, चहा पाजला आणि जेवणाची सोय कशी आहे ते विचारलं.

मग एका रविवारी सकाळी सरांचा फोन आला. त्यांनी आपण होऊन केलेला हा पहिलाच. "कामात नाहीस ना?" असं विचारून त्यांनी सांगितलं की आमच्या कॉलेजात कायम जागेची जाहिरात निघाली आहे आणि तीत या वेळी एक नवी ओळ आहे. उमेदवाराचं विषयात मान्यता मिळालेलं मूळ काम असेल तर पदव्युत्तर पदवीची अट सोडता येईल. त्यांच्या वयाला हीच शेवटची जाहिरात होती.

"एक पत्र पाहिजे, वैशाली. दोन ओळी. हा प्रस्ताव आपण दोघांनी मिळून केला, एवढंच. खाली सही आणि तारीख. जास्त नको."

"पाठवते सर. आजच पाठवते."

दोघं हक्क सांगत असतील तर थांबून माणसाला विचारावं, असं त्यांनीच ठरवलं होतं. त्यांनी मला विचारलं होतं. आणि मी आठ दिवस पत्र लिहीत बसले. कंपनीतल्या नव्या तुकडीची प्रमुख म्हणून त्याच महिन्यात माझं नाव पुढे गेलं होतं, ते खरं. पण जळगावच्या एका कॉलेजाच्या फाइलीतलं पत्र पुण्यात कोण वाचणार होतं? कुणीच नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. भीतीपेक्षा सवय मोठी होती. पाच वर्षं 'मी' म्हटल्यावर 'आम्ही' लिहायला हात वळेना. शेवटी मी कंपनीच्या छापील कागदावर दीड पान लिहिलं. सरांची तळमळ, सरांची शिस्त, विद्यार्थ्यांवरची माया, एसटीतली वही, सगळं. "त्यांच्या बहुमोल मार्गदर्शनाखालीच मी हे काम करू शकले," असं त्यात होतं. लिहिताना माझे डोळेही भरून आले. सरांनी जी एक ओळ मागितली होती ती त्या दीड पानात कुठेही नव्हती.

निवड समितीपुढे काय झालं ते मला पुढे कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंनी सांगितलं. कागदपत्रं लावायला त्यांना आत बसवलं होतं. समितीतल्या एकांनी पत्र मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "मार्गदर्शन करणं हे शिक्षकाचं कामच आहे. यात तुमचं मूळ काम कुठे आहे?" बाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं तायडे सर आता वह्या काढतील, पिशवीत आणल्या होत्या त्यांनी. पण सर म्हणाले, "पत्रात लिहिलंय तेवढंच धरा." नमस्कार करून बाहेर आले. सगळ्या अटी पुऱ्या करणारा एक जण निवडला गेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याने काही चोरलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मला सरांचा निरोप आला. "पत्र मिळालं. मोठं झालं." बस, एवढंच.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. मी त्यानंतर दोनदा फोन केला. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या आईची तब्येत विचारली, पुण्यात पाणी कसं आहे ते विचारलं. तिसऱ्यांदा फोन करण्याचं मला धाडस झालं नाही. वर्षअखेरीस दोन्ही कॉलेजांचे तास सोडून ते पत्नीला, आमच्या काकूंना, घेऊन रावेरला परत गेले आणि एका पॅकिंग हाऊसवर कॉम्प्युटरवर वजनाच्या चिठ्ठ्या काढायचं काम धरलं. लहानपणी ज्या क्रेटींच्या थप्प्यांत खेळले तिथेच. हे मला आमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी गंमत म्हणून टाकलेल्या फोटोतून कळलं. फोटोखाली हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं टाकलेली होती. मी फोन उलटा ठेवला.

मागच्या उन्हाळ्यात, कामावरच, छातीत दुखून सर गेले. तीही बातमी ग्रुपवरच आली. दुपारपर्यंत त्याखाली सत्तर जणांची 'भावपूर्ण श्रद्धांजली' जमली, सगळ्यांची एकसारखी, हात जोडलेल्या चित्रासकट. त्यांतली एक माझी आहे.

त्या आठवड्यात मी भाषा सांभाळणाऱ्यांना लिहिलं. प्रस्ताव मूळचा मधुकर तायडे यांचा, विचार त्यांचा, इंग्रजी मजकूर तेवढा माझा, नाव दुरुस्त करावं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाव बदललं आहे, कळवल्याबद्दल आभार. कुणी खुलासा मागितला नाही, कुणी एवढी वर्षं गप्प का होतात म्हणून विचारलं नाही. कंपनीतही मी सांगितलं. साहेब "अच्छा" म्हणाले आणि बैठक पुढे सुरू झाली. ज्या गोष्टीला मी इतकी वर्षं भीत होते ती एका चहाच्या वेळात उरकली. याहून मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं.

ते नवं पान छापून घेऊन मी रावेरला गेले. स्टँडपासून घरापर्यंत केळीचे ट्रॅक्टर एकामागे एक चालले होते. घरात काकू एकट्या होत्या. त्या मला ओळखत होत्या. जळगावला असताना बुधवारी लॅबमध्ये उशीर झाला की त्यांनी दिलेल्या डब्यातली अर्धी भाकरी सर माझ्यापुढे सरकवायचे. मी पान त्यांच्या हातात दिलं आणि सरांच्या नावावर बोट ठेवलं, जसं आबांना दाखवताना माझ्या नावावर ठेवलं होतं.

काकूंनी ते पुष्कळ वेळ पाहिलं. "लागलं म्हन्तेस नाव," त्या म्हणाल्या. "तेव्हा लागलं असतं तं कायम झाले असते ते. आता हे कायले वापरू मी?"

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, मला कळलं नाही. मग त्या उठल्या आणि खाटेखालून केळीची एक प्लास्टिकची क्रेट ओढून काढली. तीत वह्या होत्या, शंभर पानी, अकरा. मी सर्वांत वरची उघडली. ती शेवटची होती आणि तिच्या शेवटच्या लिहिलेल्या पानावर मी लिहायच्या पत्राचा सरांनी केलेला मसुदा होता.

पहिली ओळ अशी होती, "हा प्रस्ताव मधुकर तायडे यांचा असून त्याचे इंग्रजी लेखन मी केले." ती आडवी रेघ मारून खोडलेली. समासात सरांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, "एवढ्याची गरज नाही. जाहिरातीला दोघांचं काम चालतं. वैशालीला अडचण नको." आणि खाली, चौकटीत, "हा प्रस्ताव आम्ही दोघांनी मिळून केला." फोनवर सांगितलेली ओळ. म्हणजे फोन करण्याआधीच सरांनी आपला अर्धा हक्क खोडून टाकला होता, मला देणं जमावं म्हणून. याहून कमी मागता आलंच नसतं. तेवढंही मी दिलं नाही.

मी वही मिटली. काकू दारात उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या.

"पाहिजेत का तुले?" त्यांनी विचारलं. "पॅकिंगवाला म्हने रद्दीत टाका. मी नाही टाकल्या. तुमचे सर म्हनायचे, कोनी मागितल्या तं पहिले विचारजो, वापरशीन किती." त्या थांबल्या. "सांग, वापरशीन किती?"

"एकही नाही, काकू," मी म्हटलं.

काकूंनी माझ्या हातातली वही घेऊन वर ठेवली, ते छापलेलं पान दुमडून तिच्यात घातलं, आणि क्रेट पायाने सारून पुन्हा खाटेखाली केली.